नाक्यावरच्या चायनीजवाल्यांना खुलं पत्र: काहीही मागवलं तरी चव एकच कशी?

प्रति,
मालक, काउंटरवरचे दादा, आणि आत कढईवर सध्या जो कोणी उभा असेल तो,

पत्रास कारण की, जूनपासून आत्तापर्यंत तुमच्याकडचं चार वेळा खाल्लं आणि चारही वेळा शेवटी घरी दहीभात कालवून खावा लागला.

हॉटेलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये मला, आणि तसंही डोंबिवली पूर्वेला लाल कंदील टांगलेली एवढी चायनीज आहेत की ज्याला लागायचं त्याला बरोबर लागेल. एक खूण सांगते फक्त. रिनोव्हेशनच्या आधी तुमच्याकडे पंख्याखालच्या टेबलाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली जुन्या मेनूकार्डाची घडी घालून ठेवलेली असायची. आमचं लग्न त्या टेबलावर ठरलंय. म्हणजे घरच्यांनी नंतर ठरवलं, पण आम्ही आधी तिथे ठरवलं, ऑफिसमधून येताना लोकलमधे चेंगरून आलेलो असायचो, खिशात पैसे बेताचे, मग वन बाय टू मंचाव. आता वन बाय टू म्हणजे खरं तर एका सूपचे दोन वाटे, पण तुमचे तेव्हाचे काका दोन्ही बाऊल जवळजवळ भरूनच आणायचे आणि वरच्या तळलेल्या नूडल्स वेगळ्या बशीत द्यायचे, मऊ पडतात म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. तर एवढ्या ओळखीवर हे लिहितेय, गोड मानून घ्या. (गोड वरून आठवलं, तुमच्या सॉसबद्दल पुढे लिहिलंयच.)

सप्टेंबरमधलं आधी सांगते, कारण तिथेच माझं डोकं फिरलं. गणपती झाले, मोदकांनी जीभ मऊ झालेली, काहीतरी झणझणीत पाहिजे होतं. तीन स्टार्टर मागवले: व्हेज मंचुरियन ड्राय, पनीर चिली, मशरूम शेजवान. तिन्ही एकदम आले, पाच मिनिटात, आणि पाच मिनिटात तीन स्टार्टर येतात तिथेच खरं तर समजायला पाहिजे होतं. तिन्ही प्लेट लाल. एकाच छटेचे लाल. वर तोच पातीचा कांदा. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि त्याला प्रयोगांची भारी हौस, त्याने डोळे मिटले आणि म्हणाला आई तू भरव, मी ओळखतो. पनीर ओळखलं कारण पनीर चावताना कळतं. मशरूम ओळखलं कारण ते दातात कुरकुरतं. मग मी तिन्ही प्लेटमधला नुसता सॉस चमच्याच्या टोकावर घेऊन दिला तर म्हणाला, "आई, तू एकाच प्लेटमधलं तीनदा देतेयस, चीटिंग." नवऱ्याने करून बघितलं, मी करून बघितलं. एकच सॉस. केचपसारखा गोडसर, मागून व्हिनेगरचा आंबटपणा, आणि कॉर्नफ्लॉवरचा तो चिकट थर टाळ्याला बसतो तसा. मालक, तीन डिशचे तीन वेगळे भाव लावलेत तुम्ही. कशाचे?

मेनूकार्ड बघून अंदाज येतो म्हणा काय झालं असेल ते. आधी पुढचं-मागचं मिळून दोन पानं होती, लॅमिनेशन केलेली, कोपऱ्यात सोय सॉसचा डाग. आता चौदा पानं आहेत. चायनीज, मग थाई, मग तंदूर, मग मोमो, मोमोमधे परत तंदुरी मोमो, सिझलर, पिझ्झा आणि शेवटच्या पानावर चीज पावभाजी. एवढं सगळं त्या तेवढ्याशा किचनमधे करायचं म्हटल्यावर सकाळीच एक पातेलंभर लाल सॉस ढवळून ठेवायचा आणि दिवसभर पळीने वाढत राहायचं, दुसरं काय होणार. मला राग चौदा पानांचा नाही, त्यात ती जुनी दोन पानं बुडाली त्याचा आहे.

आता तुमचा मुलगा की पुतण्या जो काउंटरवर बसतो हल्ली, त्याने मला त्या दिवशी ऐकवलं की मॅडम ऑथेंटिक चायनीज असं माइल्डच असतं. अहो! ऑथेंटिक चायनीज तुमच्याकडे मागितलंय कुणी आणि कधी? मंचुरियनचा चीनमधल्या मांचुरियाशी काही संबंध नाही, हे आता शाळेतल्या पोरांना पण माहितीये. कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वँग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, कुणीतरी मेनूत नसलेलं काहीतरी वेगळं मागितलं म्हणून आलं, लसूण, हिरवी मिरची तेलावर परतली, गरम मसाल्याऐवजी सोय सॉस घातला, तळलेलं चिकन आणि कॉर्नफ्लॉवर टाकून दाट केलं, आणि झाली डिश. फोडणी आपली आहे त्यात. चर्चगेटच्या क्लबमधून निघून ती गोष्ट खोपोलीच्या एसटी स्टँडपर्यंत पोचली, चिकनचं कोबी-गाजर झालं, आणि चायनीज भेळ तर मुंबईनेच काढली, चीनमधे कुणी ऐकलं पण नसेल. म्हणजे मी तुमच्याकडे पेकिंगची चव मागायला येत नाही हो. मी आलं, लसूण आणि हिरवी मिरची मागायला येते. तेच तीन गायब आहेत.

शेजवानचं तर अजून वेगळं. माझी आजी मालवणची, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं ठेचून घालायची आणि लहानपणी चुकून दाताखाली आलं की जिभेला मुंग्या यायच्या. खूप नंतर मला कळलं की चीनच्या सिचुआन प्रांतात ते जे प्रसिद्ध मिरं वापरतात, जीभ बधिर करणारं, ते आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड आहे, एकाच कुळातली झाडं. केवढा आनंद झाला होता मला! तर आपल्या शेजवानमधे ते नसतंच, कधीच नव्हतं, फक्त नाव त्या प्रांताचं. आपला शेजवान म्हणजे लाल सुकी मिरची भिजवून वाटायची, भरपूर तेलात ढीगभर लसूण टाकायचा, त्यात ते वाटण तेल सुटेपर्यंत परतत बसायचं, आणि शेवटी व्हिनेगर, मीठ, चिमूटभर साखर. तुमच्या जुन्या शेजवान चटणीवर लाल तेलाचा तवंग असायचा आणि लसणाचे तुकडे दाताखाली यायचे, मी ती घरी आणून पोळीला लावून खाल्लीये, थालीपिठाबरोबर खाल्लीये. आता वाटीत येतं ते केचपमधे तिखट कालवल्यासारखं. लसूण शोधला मी. काट्याने.

जूनमधलं काय सांगू. शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात आलो होतो, नवीन हॉटेल बघायचं म्हणून पोरगं उड्या मारत होतं. एसी छान आहे, खुर्च्या छान आहेत, ते एक कबूल. ट्रिपल शेजवान मागवलं. आता ट्रिपलची गंमतच ही की भात, त्यात नूडल्स, वर तळलेल्या नूडल्स आणि बाजूला ग्रेव्हीची वाटी, ग्रेव्ही आपण आपल्या हिशोबाने ओतायची. तुमच्याकडे ग्रेव्ही आतूनच ओतून आली. तळलेल्या नूडल्स शेवयांच्या खिरीसारख्या लिबलिबीत. आणि भात ओला. दाणा दाण्याला चिकटलेला, चमचा घातला की गोळा उचलला जायचा.

यावर मला जरा बोलायचंय, कारण फ्राइड राइस बिघडवणं वाटतं तेवढं सोपं नाही, त्यासाठी दोन-तीन गोष्टी एकदम चुकाव्या लागतात. भात मोकळा शिजवून, पसरून, गार करून, फ्रिजमधे ठेवून कोरडा व्हायला पाहिजे, ताजा वाफेचा भात कढईत गेला की त्याची खिचडीच होणार. आणि आच पाहिजे. ती जुन्या किचनमधली भट्टी आठवतेय का, पावसात स्टेशनवरून येताना वळणावरच तिचा फुरफुर आवाज यायचा, कढई उचलून आपटली की जाळ कडेवरून आत शिरायचा आणि भाताला तो किंचित जळकट वास लागायचा. कँटोनीज लोकांकडे त्या वासाला वेगळा शब्दच आहे, वॉक हेय, म्हणजे कढईचा श्वास असं काहीतरी. आता तुमच्या हॉटेलात भट्टीचा आवाज येत नाही, मायक्रोवेव्हचा टिंग येतो. मी मोजले, अर्ध्या तासात सात टिंग. गॅस महाग झालाय, एकोणीस किलोचा कमर्शियल सिलिंडर काही फुकट येत नाही, सगळं मान्य. पण मंद आचेवर चायनीज होत नाही दादा, उपमा होतो. माझ्या सासूबाई हाका नूडल्सला आधीपासूनच "तो खारट उपमा" म्हणायच्या, मी वर्षानुवर्षं भांडले त्यांच्याशी, आता कुठल्या तोंडाने भांडू?

आणि भात उरला तर बाहेर ठेवू नका हो. शिजलेला भात तासन् तास बाहेरच्या उकाड्यात राहिला की त्यात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू वाढतात आणि त्यांचं विष नंतर गरम करूनही जात नाही, फ्राइड राइस खाऊन उलट्या होण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. आम्हाला तसं काही झालं नाही, उगाच आळ घेत नाही. पण त्या दिवशी आतल्या दाराशी प्लास्टिकच्या टबात उघडा भात दिसला आणि दुपारचे चार वाजले होते.

गटारीला नवरा आणि त्याचे मित्र लॉलीपॉप घेऊन आले तुमच्याकडून. आषाढ अमावस्येला अख्ख्या ठाणे जिल्ह्यातल्या कोंबड्यांचं काय होतं ते सगळ्यांना माहितीये, गर्दी असते, त्या दिवशीची चव मी धरतच नाही. रंगाचं मात्र धरते. बोटं लाल, ओठ लाल, आणि पांढऱ्या शर्टाच्या बाहीला जो डाग लागला तो तीन धुण्यात गेला नाही. मिरचीचा डाग असा नसतो, साबणाने पिवळट होऊन निघतो, स्वयंपाकघरात आयुष्य गेलंय माझं. तुम्ही बातम्या बघत असालच. गोव्यात म्हापसा नगरपालिकेने २०२४ च्या सुरुवातीला गोबी मंचुरियनच्या स्टॉलवर बंदी घातली, त्याच्या आधी २०२२ मधे वास्कोच्या दामोदर सप्ताहाच्या जत्रेत या स्टॉलना आवर घाला असं एफडीएने सांगितलं होतं. कर्नाटकने मार्च २०२४ मधे गोबी मंचुरियनमधे कृत्रिम रंग घालायलाच मनाई केली, नमुन्यांमधे टार्ट्राझिन, सनसेट यलो असले रंग सापडले म्हणून, आणि जूनमधे कबाबचा पण नंबर लागला. एका फुलकोबीवर सरकारं हलली! ब्याडगी किंवा काश्मिरी मिरची वापरली तर रंग आपोआप येतो, थोडा कमी येईल, येऊ दे की. लॉलीपॉप काय लग्नाला उभं करायचंय?

अजिनोमोटोवरून मी भांडत नाही, आधीच सांगते. त्यातलं चव आणणारं ग्लुटामेट टोमॅटोत असतं, मुरलेल्या चीजमधे असतं, १९०८ मधे त्या जपानी शास्त्रज्ञ इकेदांनी समुद्री शेवाळाच्या सूपमधून शोधून काढलं ते हेच. चिमूटभर घातलं तर घाला. पण आलं-लसणाच्या ऐवजी घालू नका.

आता श्रावणातलं. हे लिहिताना हात जड होतोय.

आमच्याकडे श्रावण पूर्ण पाळतात. मी स्वतः फार मानते असं नाही, पण सासूबाई मानतात आणि घरात एकाने मानलं की सगळ्यांनी मानायचं असतं. त्या दिवशी घरी पाहुणे होते, ओटा आवरून मी थकले होते, म्हणून तुमच्याकडून व्हेज हाका आणि व्हेज फ्राइड राइस पार्सल. फोनवर दोनदा सांगितलं, श्रावण आहे, कढई वेगळी घ्या. "हो मॅडम, आपल्याकडे सेपरेट असतं." सासूबाईंनी पहिल्यांदाच, त्या खारट उपम्याला नावं न ठेवता, स्वतःहून ताटलीत वाढून घेतलं. तिसऱ्या घासाला थांबल्या. काही बोलल्या नाहीत. तोंडातलं काढून ताटलीच्या कडेला ठेवलं, उठल्या, चूळ भरली आणि देवासमोर जाऊन बसल्या. चिकनचं शिजलेलं धाग्यासारखं तुकडं होतं, दोन बोटांएवढं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी पण दूधच घेतलं.

मी फोन केला तर काय उत्तर मिळालं आठवतंय का कुणाला? "मॅडम तो पीस काढून टाका ना, बाकी व्हेजच आहे." मग म्हणाले पुढच्या ऑर्डरला वीस टक्के डिस्काउंट देतो. मालक, मला डिस्काउंट नको होता. जुने काका असते ना, तर ते स्वतः जिना चढून आले असते. सासूबाईंना "आजी, चूक झाली आमच्याकडून" एवढं म्हणाले असते तरी पुरलं असतं. आमच्या सासूबाई तशा रागीट नाहीत, त्यांनी त्यांना चहा पण दिला असता. कढई धुवायला दोन मिनिटं लागतात. मला माहितीये त्या वेळी काउंटरसमोर ॲपवाली सात-आठ मुलं हेल्मेट घालून उभी असतात आणि प्रत्येकाच्या मोबाईलवर घड्याळ पळत असतं, कमिशन कापून तुमच्या हातात काय उरतं ते तुम्हालाच ठाऊक, भाडं वाढलंय, तेल वाढलंय, रिनोव्हेशनचे हप्ते असतील. हे सगळं कळतं. पण मग "सेपरेट असतं" असं म्हणू नका. नाही म्हणा. आम्ही पिठलं-भात केला असता.

तुम्ही म्हणाल, एवढं झालं तर सप्टेंबरमधे परत कशाला आलात. आलो खरं. ज्या हॉटेलची सवय लागते त्याचं असंच असतं, पाय वळतात, आणि प्रत्येक वेळी वाटतं मागच्या वेळी त्यांचा दिवस वाईट असेल.

बिलाचं दोन ओळीत उरकते. दहा टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप लावलात, तो तसा लावता येत नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचना आहेत आणि दिल्ली हायकोर्टाने त्या मार्च २०२५ मधे उचलून धरल्यात. आणि तुमचा चौदा आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे अन्न परवान्याचा, बिलावर छापायला लागतो, तो दिसला नाही. काउंटरवरच्या मुलाला हे सांगितलं तर तो माझ्याकडे असा बघायला लागला जसं काही मी इन्कम टॅक्सवाली आहे. मी काही तक्रार वगैरे करणार नाहीये, पण कुणीतरी करेल.

तर मागणी काय. पिझ्झा, मोमो, चीज पावभाजी ठेवा, पोरांना आवडत असेल. पातेलंभर लाल सॉस फक्त बंद करा. मंचुरियनला वेगळं, चिलीला वेगळं, शेजवानला वेगळं, निदान संध्याकाळी तरी ताजी फोडणी घाला. एक कढई व्हेजची, तिच्या कानाला हिरवा रंग लावून ठेवा म्हणजे घाईत उचलली जाणार नाही. आणि ते जुने वस्ताद, दार्जिलिंगकडचे, जे भात उडवताना तोंडाने हिंदी गाणी म्हणायचे, ते गावी गेले असतील तर त्यांना फोन करून तेवढं चटणीचं प्रमाण विचारून घ्या. नवीन पोराला दोष देत नाही मी, त्याला कुणी शिकवलंच नसेल.

येत्या शनिवारी आठ वाजता आम्ही येतोय. ओळख दाखवणार नाही, तुम्हीही शोधू नका. ऑर्डर साधी आहे: एक वन बाय टू मंचाव, नूडल्स वेगळ्या बशीत, आणि एक बर्न्ट गार्लिक राइस, त्यातला लसूण खरोखर लाल तळलेला. सासूबाई पण येतायत, त्यांना मी कसंबसं तयार केलंय, त्या फक्त सूप घेणार आहेत. या वेळी निघताना घरी भात लावून ठेवणार नाही.

कळावे, लोभ असावा.

तुमचीच,
आखूड पायाच्या टेबलावरची